मिनिट्स कोण लिहिणार?

[दृश्य : बैठकीची खोली]

टेबलाभोवती नऊ जण आहेत, त्यांत तीन बायका. विषयाला हात घालण्याआधीच कुणीतरी विचारतं, "मिनिट्स, म्हणजे बैठकीची नोंद, कोण लिहितंय?" चेहरे बघा. एकाला मोबाइल आठवतो, दुसरा पाण्याची बाटली उघडतो. चार-पाच सेकंद अशीच जातात. मग कोपऱ्यातली इंजिनिअर वही पुढे ओढते आणि वर तारीख घालते. तिला कुणीही सांगितलेलं नाही.

ज्या डिझाइनवर तासभर चर्चा होते, ते तिचंच आहे. पण लिहिणाऱ्याला बोलायला सवड कुठे मिळते?

[दृश्य : संगणकांची रांग, बटणावरचं बोट]

लिंडा बॅबकॉक ही अर्थशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकारी संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तिघांचा गट. वेळ दोन मिनिटं. कुणीतरी एकाने बटण दाबायचं. कुणीच दाबलं नाही तर सगळ्यांनाच कमी पैसे. एकाने दाबलं तर तिघांचाही फायदा, पण दाबणाऱ्याच्या वाट्याला इतर दोघांपेक्षा कमी. स्त्री-पुरुष मिश्र गटांत बायकांनी बटण जास्त वेळा दाबलं. मग फक्त बायकांचे आणि फक्त पुरुषांचे गट करून पाहिले, तर फरक उरलाच नाही. बाई समोर नसली की पुरुषही तितक्याच वेळा बटण दाबतात! म्हणजे पडतं घेणं हा बायकांचा स्वभाव नव्हे. 'ती करेल' हे सगळेच धरून चालतात, तीसुद्धा. पुढच्या प्रयोगात, एका सदस्याला विनंती करण्याचा अधिकार मॅनेजरला दिला. विनंती बायकांनाच जास्त गेली. मॅनेजर बाई असली तरीही.

[दृश्य : भिंतीवरचा फळा]

बैठकीतल्या त्या टीमने आता पाळी लावली आहे. मिनिट्स, नवीन आलेल्यांना काम शिकवणं, निरोप समारंभाची तयारी, सगळ्यांची नावं क्रमाने. सर्वांत वर बॉसचं नाव. एवढं साधं काम, पण त्यासाठी कुणीतरी खडू हातात घ्यावा लागतो.

[दृश्य : अप्रेझलचा फॉर्म]

हा फॉर्म. टार्गेटला रकाना आहे, नव्या क्लायंटला आहे. रडवेल्या सहकाऱ्याला बाहेर नेऊन शांत केलं, त्याला नाही. वर्षअखेरीस बढतीची यादी याच रकान्यांवरून बनते.

आणि तरी बायका समाधानी असतात. अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने 1997 मध्ये ब्रिटनमधल्या कामगारांच्या पाहणीवरून दाखवलं की, पगार कमी असूनही बायका पुरुषांपेक्षा जास्त समाधान नोंदवतात. त्याने दिलेलं कारण असं की, त्यांच्या अपेक्षाच कमी असतात. तरुण, उच्चशिक्षित आणि व्यावसायिक पदांवरच्या बायकांमध्ये मात्र हा फरक दिसत नव्हता. "आमच्याकडच्या बायका खूश आहेत" असं म्हणणाऱ्या प्रत्येक एचआरने हे ध्यानात घ्यावं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर बाई अपेक्षा घेऊनच कामावर येते, आणि तिच्या कौशल्याचं काम तिच्या हातात पडतंय का, यावर तिचं समाधान ठरतं.

[दृश्य : बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिला दिवस]

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा करार किमान 14 आठवड्यांची रजा सांगतो. परत आल्यावर तीच किंवा समान दर्जाची, त्याच पगाराची जागा मिळायला हवी, असंही सांगतो. जागा तिला मिळते. क्लायंट मात्र दुसऱ्याकडे गेलेले असतात, आणि ते मागून घ्यायचे म्हणजे भांडण काढल्यासारखं होतं. कितीतरी जणी इथेच नोकरी सोडतात.

हा कागद रजेवर जाण्याआधी केलेला आहे. कोणतं काम कुणाकडे, कधीपर्यंत, आणि ती परतल्यावर त्यातलं काय काय तिच्याकडे येणार. खाली तिघांच्या सह्या आहेत : तिची, काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याची आणि बॉसची. आज त्यातले पहिले दोन क्लायंट तिच्याकडे परत आले.