शेजारचं पुस्तक

वेगवेगळ्या प्रकारांतली नवी पुस्तकं शोधायची कशी, हा आजचा विषय. त्याकडे येतेच, पण आधी एक तक्रार मांडू द्या.

मी बरीच वर्षं ज्या ग्रंथालयात जात होते, तिथे कपाटांना कुलूप असे. खिडकीपाशी उभं राहायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून द्यायचं, मग आतून पुस्तक येणार. म्हणजे जे आधीच ठाऊक आहे तेच मागायचं! ‘कीटकांवर काही चांगलं आहे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘नाव सांगा.’ अहो, नाव माहीत असतं तर विचारलं असतं कशाला? माना हलताहेत, म्हणजे तुम्हीही हे ऐकलेलं आहे. आपले थोर ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातल्या तिसऱ्यावर माझा फार जीव आहे : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. इथे बाजू पुस्तकाची घेतलेली आहे, बघा. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या पुस्तकाचीसुद्धा! आणि त्यासाठी कपाटं उघडी हवीत, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. लंडनमध्ये क्लार्कनवेलच्या ग्रंथालयाने तर १८९४ मध्येच वाचकांना थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं होतं.

आता पडद्यावर शिफारशी येतात. तुमच्यासारखीच आवड असलेल्यांनी काय घेतलं, त्यावरून त्या निघतात. त्यामुळे रहस्यकथा वाचणाऱ्यापुढे पुन्हा रहस्यकथाच. कुलूप तेच, फक्त दिसत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगते. लेखनप्रकार धरू नका, विषय धरा आणि त्याच्या मागे जा. मधमाशी घ्या. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयागणिक आकडा देऊन पुस्तकं लावायच्या ग्रंथालयांच्या पद्धतीत, मधमाशीचं प्राणिशास्त्र ५९५ मध्ये, मधमाशीपालन ६३८ मध्ये आणि तिच्यावरची कविता किंवा कादंबरी पार ८००च्या वर्गात. तीन ठिकाणं, एकमेकांपासून लांब. थंडीत माश्या राणीभोवती दाट गोळा होतात आणि पंख न हलवता स्नायू थरथरवून ऊब धरतात, हे पालनाच्या साध्या हस्तपुस्तिकेत सापडतं. कादंबरीच्या रांगेतून कधीच न हललेला वाचक तिथवर पोचायचाच नाही.

एकेका वर्गांकापाशी गेलात की हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दोन-दोन काढून चाळा. आवडलेल्या पुस्तकाची संदर्भसूची आणि ऋणनिर्देश वाचा. लेखक कुणाकडून काय शिकला ते तिथे असतं. अनुवाद आवडला तर अनुवादकाचं नाव टिपून ठेवा. एकच अनुवादक कधी कथा करतो, कधी आत्मचरित्र, आणि त्याच्या बोटाला धरून आपण आपसूक दुसऱ्या प्रकारात जातो. कवितेसाठी आधी निवडक संग्रह घ्या, त्यातला एक कवी पकडा आणि त्याचं मूळ पुस्तक गाठा.

नाटकाबद्दल बोलायचं राहिलं, पण पुढचे वक्ते थांबलेत. कुणाला प्रश्न असतील तर दोन घेते.