ग्लिंकाच्या चार वह्या

श्रोतेहो, नमस्कार.

1833 साली मिखाईल ग्लिंका हा तरुण रशियन संगीतकार बर्लिनला आला. इटलीत तीन वर्षं काढलेली, चाली भराभर सुचायच्या. पण संगीतशास्त्राचं शिक्षण तुकड्यातुकड्यांनीच झालेलं. ही उणीव त्याला टोचत होती. इथे त्याला गुरू भेटले, सीगफ्रीड डेन.

डेन यांचा जन्म 1799 चा, हॅम्बर्गजवळच्या आल्टोनाचा. शिकले कायदा आणि हौस म्हणून चेलो वाजवायचे. पुढे घरची श्रीमंती बुडाली आणि हौसेचीच उपजीविका झाली.

त्यांनी ग्लिंकाला फ्यूग लिहायला बसवलं. फ्यूग म्हणजे एक सुरावट एका आवाजात सुरू होते, मग तीच दुसरा उचलतो, तिसरा उचलतो, आणि पहिला गप्प न बसता पुढेच जात असतो. आपल्या गाण्याला एका सुरावटीची सवय, म्हणून सांगतो: इथे तीन-चार सुरावटी एकदम चालतात. प्रत्येकीला स्वतःचा डौल हवा आणि कुणी कुणाच्या पायात येता कामा नये. डेन यांनी हे सगळं शास्त्र ग्लिंकासाठी स्वतःच्या हातानं चार छोट्या वह्यांत लिहून दिलं. एका शिष्यासाठी एवढे कष्ट! मला हे त्यांच्या संगीतशास्त्रावरच्या छापील ग्रंथापेक्षाही मोठं वाटतं. जेमतेम पाच महिन्यांची ही तालीम. 1836 साली सेंट पीटर्सबर्गला ग्लिंकाचा पहिला ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारं नाटक, रंगमंचावर आला आणि रशियन ऑपेराची वाट खुली झाली.

1842 पासून डेन बर्लिनच्या शाही ग्रंथालयात संगीत विभाग सांभाळू लागले. जुनी हस्तलिखितं शोधणं, पाठ तपासणं, ते छापायला देणं, हे त्यांचं दुसरं आयुष्य. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी 1721 मध्ये अर्पण केलेले सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचना, 1850 साली डेन यांच्या संपादनाखाली पहिल्यांदा छापले गेले. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं हे संगीत हस्तलिखितातच पडून होतं.

1856 मध्ये ग्लिंका पुन्हा बर्लिनला आला. वय बावन्न, नाव झालेलं, आणि तरी शिष्य म्हणून! रशियन चर्चमधल्या जुन्या सुरावटींना फ्यूगची बांधणी कशी द्यायची, हे त्याला शिकायचं होतं. ते काम अर्धवट राहिलं. फेब्रुवारी 1857 मध्ये बर्लिनमध्येच तो वारला आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये डेनही गेले.

त्यांचा आणखी एक रशियन शिष्य होता, आंतोन रुबिनस्टाइन. त्यानं 1862 साली सेंट पीटर्सबर्गला संगीत विद्यालय काढलं. पहिल्याच तुकडीत त्याच्यापुढे एक विद्यार्थी येऊन बसला, पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झालेला चायकोव्हस्की.