चंद्री गंगावेशला पोचंल का?

(दृश्य : वर्गाच्या फरशीवर खडूनं काढलेली भोगावती नदी. कॅमेरा जवळ. दोन चाकं, पुठ्ठ्याची शिंगं.)

ही चंद्री. कोल्हापुरातल्या एका सातवीच्या वर्गाची म्हैस. दोन मोटरी, एक बॅटरी आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातनं कापलेली शिंगं. डावं शिंग सारखं निसटतं, म्हणून त्याला चिकटपट्टीचे दोन वेढे दिलेत.

चंद्रीनं राधानगरीकडून निघायचं. राशिवडे, हळदी आणि कोगे, हे तीन बंधारे ओलांडायचे आणि गंगावेशच्या दूधकट्ट्यावर पोचायचं. तिथं धारोष्ण दुधासाठी गिऱ्हाईक ताटकळलंय. ही गोष्ट मुलांनी आधी रचली. रोबोट पेटीतून बाहेर आला तो त्यानंतर.

हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. आधी यंत्र ठेवलं की चार पोरं पुढं सरसावतात, बाकीची लांबून बघतात. गोष्ट मात्र सगळ्यांना सांगता येते.

(दृश्य : एक मुलगा डोळे मिटून फरशीवर चालतोय. मुली आज्ञा देतायत.)

कोडिंगचा पहिला तास असा, कॉम्प्युटरशिवाय. एकानं म्हैस व्हायचं, बाकीच्यांनी तिला चालवायचं.

“पुढं चार पावलं. आता डावीकडं वळ.”

“डावीकडं म्हंजे किती? सांग की नीट!”

या ‘किती’पाशी अख्खा वर्ग थांबतो. 90 अंशांचा कोन पुस्तकातनं उठून पायात येतो. ही वाट जुनी आहे. 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंग भाषा तयार केली. पुढं तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आलं. कासवाला वळवायचं तर मुलानं आधी स्वतः कासव होऊन वळून बघावं, हा पेपर्ट यांचा आग्रह. कोल्हापुरात कासवाची म्हैस झाली, एवढंच.

(दृश्य : टॅबवर रंगीत ठोकळे, एक ठोकळा म्हणजे एक आज्ञा. बोट एक ठोकळा उचलून दुसऱ्याला जोडतं.)

आता गोष्टीत पाऊस येतो. प्रत्येक बंधाऱ्यापाशी प्रोग्राम 1 ते 6 मधला एक आकडा काढतो. फासाच तो, फक्त दिसत नाही. जर 1 किंवा 2 आला, तर बंधारा पाण्याखाली, चंद्री माघारी. नाहीतर पुढं.

“गेला! हळदी गेला पाण्याखाली!”

तीनही बंधारे पार होण्याची शक्यता किती? फळ्यावर बाई फांद्या काढतात. प्रत्येक ठिकाणी सहापैकी चार, म्हणजे दोन तृतीयांश. तीनदा गुणलं की आठ सत्तावीसांश. 27 खेपांत सरासरी 8 वेळा दूध पोचणार. एकेका गटाच्या नोंदी याच्याशी जुळत नाहीत. कुणाची चंद्री फारच नशीबवान, कुणाची सारखी माघारी. सगळ्या गटांच्या रेघा एकत्र मोजल्या, की आकडा त्या अपूर्णांकाकडं सरकायला लागतो.

(दृश्य : चंद्री सलग तिसऱ्यांदा मागं फिरते. मुलांचे चेहरे.)

“आता सुटणारच बघा मॅडम. तीनदा बुडला न्हवं!”

मोठी माणसंही असंच म्हणतात. बाई त्याला चूक म्हणत नाहीत. टॅब त्या मुलाच्या हातात देतात आणि विचारतात, “मागचा आकडा तुझ्या प्रोग्रामात कुठं लिहून ठेवलाय, दाखव.” तो ठोकळे वर-खाली सरकवतो. एकेक वाचतो. मागचा आकडा कुठंच नाही. मागचं ठाऊक नसलेला फासा भरपाई कशी करील, हे त्याला स्वतःच्याच कोडमध्ये दिसतं. संभाव्यतेचं प्रकरण आपल्याकडं दहावीच्या गणितात येतं. हे पोरगं त्याच्या गाभ्याशी सातवीतच पोचलंय.

आणि मग खिडकीजवळची मुलगी हात वर करते.

“पण पाणी तसं नसतंय मॅडम. काल चढलेलं आज एकदम उतरत न्हाई.”

2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या गावची ही मुलं. नदी फाशासारखी वागत नाही, तिच्या आजच्या पातळीत कालचीही असते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून प्रोग्रामात मागचा आकडा लक्षात ठेवणारा एक नवा डबा आला. त्याचं नाव ‘पाणी’. सुरुवातीला 35 फूट. आता तीनपेक्षा मोठा आकडा आला की दोन फूट चढायचं, नाहीतर एक फूट उतरायचं. 39 ला चंद्रीचा लाल दिवा, 43 ला प्रवास बंद. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळच्या इशारा आणि धोका पातळीचे हेच आकडे, पावसाळ्यात रोज घरोघरी ऐकलेले.

(दृश्य : लाल दिवा लागतो. वर्गात गलका.)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आहे. या वर्गात रोबोट मात्र मोजकेच, पाळीपाळीनं मिळणारे.

सध्या एका गटाला राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेही प्रोग्रामात हवेत. एक दरवाजा उघडला तर ‘पाणी’च्या डब्यात किती टाकायचं आणि ते लगेच टाकायचं की काही फेऱ्यांनी, यावर भांडण जुंपलंय.