दुकान बंद पडलं की घड्याळ सुरू होतं

(दृश्य: नोव्हेंबरमधली सकाळ, जनरल स्टोअरच्या बाहेर टांगलेला मोठा वजनकाटा)

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात नोव्हेंबर महिन्यात बंदुकीने हरणाच्या शिकारीचा 16 दिवसांचा सीझन असतो, आणि त्या दिवसांत छोट्या गावात सगळ्यात जास्त वर्दळ कुठे दिसत असेल तर ती गावच्या जनरल स्टोअरच्या दारात. शिकार केली की ती नोंदवावी लागते, तसा सरकारी नियमच आहे, आणि नोंदणीची ठिकाणं म्हणजे बऱ्याच गावांत हीच दुकानं. पिकअपच्या मागच्या हौद्यातून हरीण उतरवायचं, काट्याला लावायचं, आतून कुणीतरी वही घेऊन बाहेर येतं, वजन लिहितं, आजूबाजूला चार माणसं कॉफीचे कप धरून उभी असतात आणि कुणाचं हरीण किती पाउंडाचं यावर चर्चा चालू.

आत गेलात की पायाखाली लाकडी जमीन कुरकुरते. एका बाजूला दूध, ब्रेड, अंडी. मधल्या फळ्यांवर खिळे, बॅटऱ्या, हातमोजे, कुत्र्याचं खाणं, सगळं एकाच ओळीत. फ्रीजमध्ये बीअर आणि त्याच्याच खालच्या कप्प्यात मासेमारीसाठी डब्यातली जिवंत गांडुळं. काउंटरवर चेडर चीजचा मोठा गोल, हवं तेवढं कापून देतात. आणि दाराशी नोटीस बोर्ड, त्यावर जळाऊ लाकूड विकायचंय, मांजर हरवलंय, शनिवारी चर्चमध्ये जेवण आहे, टाउनची मीटिंग किती वाजता, हे सगळं एकावर एक टाचलेलं. आपली मराठी मंडळी ऑक्टोबरात बॉस्टन किंवा न्यू जर्सीहून झाडांचे रंग बघायला व्हरमाँटला जातात ना, त्यातले बरेच जण अशाच दुकानात थांबून मेपल सिरपची बाटली घेतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तिथल्या माणसांसाठी मात्र ते दुकान म्हणजे फोटोची जागा नाही, तिथून पुढचं दूध कधीकधी पंधरा-वीस मैलांवर असतं, आणि जानेवारीत बर्फात ते पंधरा मैल एखाद्या ऐंशी वर्षांच्या बाईला काय पडतात याचा विचार करा.

ही दुकानं कमी का होतायत असं विचारलं तर सगळे एकच उत्तर देतात. वॉलमार्ट. खोटं नाहीये ते. त्याच्याही आधी 1896 पासून टपाल थेट शेतावरच्या घरी यायला लागलं, म्हणजे पत्रं घ्यायला दुकानातल्या पोस्टात जायची गरज कमी झाली, मग 1913 पासून पार्सलही घरपोच, मग मोटारी, मग सुपरमार्केट. हे सगळं बऱ्याच वेळा सांगून झालंय म्हणून आपण त्यात जास्त वेळ घालवणार नाही. या व्हिडिओत बोलायचंय ते एका अशा कारणाबद्दल ज्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, आणि जे गावाच्या स्वतःच्या हातात असतं. ते म्हणजे झोनिंग.

(दृश्य: काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, झोनिंगचा नकाशा, वेगवेगळ्या रंगांचे पट्टे)

झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालेल आणि काय चालणार नाही याचा स्थानिक कायदा. न्यू यॉर्क शहराने 1916 साली पूर्ण शहरासाठी असा नियम केला, आणि 1926 साली ओहायोमधल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, गावांना हा अधिकार आहे. त्यानंतर हे लोण सगळीकडे पसरलं, हळूहळू खेड्यापाड्यांतही. हेतू वाईट नव्हता हे आधी सांगून टाकतो. घराशेजारी कारखाना नको, शेतजमिनीवर बंगल्यांच्या कॉलन्या नकोत, हायवेच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग नको. मोठमोठी सुंदर खोरी या नियमांमुळेच वाचलीत.

पण नियम लिहिताना काय झालं, तर नकाशावर अख्खा ग्रामीण भाग एका रंगात रंगवला आणि त्या रंगासाठी एक तक्ता केला: शेती चालेल, घर चालेल, जंगल चालेल. दुकानाच्या रकान्यात एक तर काहीच नाही किंवा मग स्पेशल परमिट लागेल असं. आणि त्याच रंगाच्या मधोमध, चौकात, शंभर-दीडशे वर्षांचं एक दुकान उभं होतं. त्याला कुणी बंद कर म्हणालं नाही. कायद्यात अशा जुन्या गोष्टींसाठी सोय असते, नियमाच्या आधीपासून चालू आहे ना, मग चालू दे. ऐकायला बरं वाटतं. अडचण पुढच्या ओळीत आहे. ते चालू आहे तोपर्यंतच चालू दे. मध्ये ठराविक काळ बंद राहिलं की तो हक्क गेला. व्हर्जिनियाच्या राज्य कायद्यात ही मुदत दोन वर्षांची आहे, मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातही दोन वर्षं, इतर बऱ्याच ठिकाणी वर्षभर किंवा त्याहूनही कमी.

आता समजा, दुकान चालवणाऱ्या जोडप्यातला नवरा गेला. बायको सत्तरीच्या पुढची, ती थोडे दिवस ओढते आणि मग एका हिवाळ्यात कुलूप लावते. मुलं शहरात. घर-दुकान एकाच इमारतीत, विकायला काढायचं की नाही यावर वर्ष जातं, मग किमतीवर बोलणी, मग बँक, आणि एवढ्यात दोन वर्षं कधी उलटली कुणाच्या लक्षातही येत नाही. मग एक तरुण जोडपं येतं, त्यांना दुकान चालवायचंय, पैसे जमवलेत, गावातल्या सगळ्यांना आनंद. ती दोघं टाउन ऑफिसात जातात आणि तिथली क्लार्क, जी स्वतः लहानपणी त्याच दुकानात गोळ्या घ्यायला जायची, तिला सांगावं लागतं की कायद्याच्या दृष्टीने ते आता दुकान नाही. स्पेशल परमिट लागेल. त्यासाठी नकाशे, इंजिनिअर, सुनावणी, वकील. आजच्या नियमाने पार्किंगच्या जागा हव्यात, पण इमारत बांधली तेव्हा लोक घोडागाडीने यायचे. रस्त्यापासून ठराविक अंतर हवं, इमारत तर रस्त्याला चिकटून आहे, तशीच बांधली होती मुद्दाम. चार टेबलं टाकून सूप-सँडविच द्यायचं म्हटलं तर सेप्टिक टँक मोठा हवा आणि मागे जागाच नाही. अशा दुकानात नफा सूप-सँडविच आणि कॉफीवरच सुटतो, दूध आणि ब्रेडवर नाही, हे धंद्यातला कुणीही सांगेल. जोडपं हिशोब करतं आणि परत जातं. इमारतीचं वीकएंडचं घर होतं.

यात कुणी दुष्ट माणूस नाहीये. मला हीच गोष्ट जास्त लागते. गावाला दुकान हवं होतं, चालवणारे तयार होते, इमारत उभी होती, आणि गावानेच कधीकाळी पास केलेल्या एका कलमाने ते अडवलं.

(दृश्य: व्हर्जिनिया, ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याचा वळणावळणाचा रस्ता)

व्हर्जिनियातली आल्बेमार्ल काउंटी, म्हणजे शार्लट्सविल शहराच्या भोवतीचा भाग, अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं घर माँटिचेलो तिथलंच. या काउंटीने 1980 साली मोठा निर्णय घेतला होता की बांधकामं थोड्याशा भागात एकवटायची आणि बाकीचा ग्रामीण भाग राखायचा, आजही काउंटीची जवळपास 95 टक्के जमीन ग्रामीण भागात मोडते. त्या धोरणाबद्दल तिथले लोक हळवे आहेत आणि का असू नयेत, डोंगर बघितले की कळतं. पण त्या 95 टक्क्यांत जुन्या चौकांमध्ये कंट्री स्टोअर्स होती, काही चालू, काही बंद, आणि प्रत्येकाची वर सांगितलेली गत होऊ शकत होती.

2008 साली तिथल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने, नियमाच्या मजकुरातच बदल केला. कंट्री स्टोअरचे दोन वर्ग केले. जी इमारत मुळात जुनी, ऐतिहासिक कंट्री स्टोअरची आहे तिथे दुकान थेट हक्काने चालवता येईल, अटी पाळा आणि उघडा, त्यासाठी बोर्डापुढे स्पेशल परमिट मागत बसायला नको. आणि नवीन जागी नवीन दुकान काढायचं असेल तर मात्र स्पेशल परमिट, सुनावणी, सगळं. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो कारण त्यात एक पैसाही सबसिडी नाही, नकाशावरचा रंग बदललेला नाही, चौक कमर्शियल झोन केलेला नाही, जिथे दुकान होतं तिथेच ते परत होऊ शकतं एवढंच कागदावर आणलं.

असे बदल करायचे म्हटले की विरोध होतो, आणि तो करणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात ज्यांनी आयुष्यभर शेतं वाचवलेली असतात. त्यांचं म्हणणं असतं की आज दुकान म्हणाल, उद्या त्याचं रेस्टॉरंट होईल, परवा लग्नं लागतील, रात्री अकरापर्यंत गाड्या आणि दिवे, पेट्रोलची टाकी गळली तर आमच्या विहिरी गेल्या. ही भीती हसण्यावारी नेऊ नये, ग्रामीण भागात प्यायचं पाणी विहिरीचंच असतं. पण याचं उत्तर व्याख्येत आहे. दुकान किती मोठं, त्यातला किती भाग सामान विकायला, बसायच्या जागा किती, किती वाजेपर्यंत उघडं, पेट्रोल पंप असेल तर त्याची वेगळी परवानगी, हे नीट लिहून काढलं की नियमाला दार पण असतं आणि उंबरठा पण.

व्याख्या ढिली ठेवली तर काय होतं तेही बघितलंच पाहिजे. व्हरमाँटमधल्याच चेस्टर गावात डॉलर जनरल या स्वस्त मालाच्या साखळी दुकानांच्या कंपनीचा प्रस्ताव आला, 9,100 चौरस फुटांचं. गावातल्या लोकांच्या एका गटाने विरोध केला, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि विरोध करणारे हरले. नियमात नुसतं ‘किरकोळ विक्री चालेल’ एवढंच लिहिलेलं असेल तर चेडर कापून देणारी बाई आणि हजारो शाखांची कंपनी यांत कायदा काहीच फरक करत नाही. फरक हवा असेल तर चौरस फुटांची मर्यादा आधी घालावी लागते, अर्ज टेबलावर आल्यावर नाही.

(दृश्य: बार्नार्ड, रस्त्याच्या एका बाजूला दुकान, समोर तळं)

आता पैशाची बाजू, कारण नुसत्या परवानगीने दुकान चालत नाही. व्हरमाँटमधलं बार्नार्ड, वस्ती हजाराच्या आतबाहेर. तिथलं जनरल स्टोअर 1832 पासूनचं. 2012 मध्ये ते बंद पडलं. गावकऱ्यांनी बार्नार्ड कम्युनिटी ट्रस्ट काढला, 5 लाख डॉलर उभे केले आणि 2013 मध्ये इमारत विकत घेतली. इमारत ट्रस्टची, धंदा भाड्याने घेऊन चालवणाऱ्यांचा. ही पद्धत मला पटते, कारण इमारत विकत घ्यायचं कर्ज डोक्यावर नसलं तरच त्या किरकोळ मार्जिनवर कुणीतरी तग धरू शकतं. व्हरमाँटमधल्याच पटनी गावाची गोष्ट तर ऐकूनच थकायला होतं. तिथलं जनरल स्टोअर 2008 साली जळलं, गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीने ते परत बांधायला घेतलं, 2009 साली अर्धवट बांधलेल्या इमारतीला कुणीतरी मुद्दाम आग लावली, पुन्हा सगळं राख. तरी लोकांनी तिसऱ्यांदा उभं केलं आणि 2011 च्या शेवटी दुकान उघडलं.

इथे तारखा बघा. पहिल्या आगीपासून उघडेपर्यंत तीन वर्षांहून जास्त. इतकी जिद्द असलेल्या गावालाही एवढा वेळ लागला. कुठल्याही गावात आग लागो, व्हरमाँटमध्ये 2023 च्या जुलैत आला तसा पूर येवो, पैसे गोळा करायला, विम्याचं मिटवायला, सुतार मिळवायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून जुन्या दुकानांसाठी हक्क जाण्याची ही मुदत लांब ठेवणं, किंवा आल्बेमार्लसारखी मुदतीची भानगडच काढून टाकणं, हे दुरुस्तीत असायलाच हवं.

हे बदल करणं अवघड आहे का, तर राज्याराज्यांवर आहे. व्हर्जिनियात आधी प्लॅनिंग कमिशन, म्हणजे जमिनीच्या वापराचं नियोजन बघणारी स्थानिक समिती, मग काउंटीचं बोर्ड, दोन्हीकडे सुनावणी. मॅसॅच्युसेट्सच्या टाउनमध्ये असा बदल साधारणपणे टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावच्या सभेत, दोन तृतीयांश मतांनी पास व्हावा लागतो, म्हणजे सभागृहात नव्वद जण आले तर साठ हात वर हवेत, आणि अशा मीटिंगला दुकान हवं असलेले लोक घरी बसतात, नको असलेले मात्र वेळेवर येतात.

तिकडे छोट्या गावांत राहणारी आपली बरीच मंडळी हा व्हिडिओ बघत असतील. तुमच्या टाउनच्या वेबसाइटवर झोनिंगचा नियम असतो. त्यातला ग्रामीण झोनचा तक्ता उघडा, दुकानाच्या ओळीसमोर काय लिहिलंय ते वाचा, आणि वापर बंद पडला तर किती महिन्यांत हक्क जातो ते कलम शोधा. काही गडबड वाटली तर प्लॅनिंग कमिशनला साधं पत्र लिहिता येतं, त्याला वकील लागत नाही. मात्र दुकान चालू आहे तोवरच लिहा, कारण कुलूप लागल्यावर दुरुस्ती पास व्हायला जेवढे महिने लागतील तेवढे त्या मुदतीतूनच जाणार.