शिमग्याला येतो, तेव्हा घेऊ

[घड्याळ, हातरुमालावर. अगदी जवळून.]

काचेच्या कडेला बसलेला हा तपकिरी थर वाशिष्ठीच्या गाळाचा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा हे घड्याळ ताईंच्या घरी तळमजल्यावरच्या कपाटात होतं, सगळ्यात खालच्या खणात. पुराचं चित्रण आमच्याकडे नाही. भिंतीवरची ही रेघ आहे. पंखा कुठे आणि रेघ कुठे, तेवढं बघा.

चौथ्या दिवशी चिखलात हात घालून ताईंनी ते शोधलं. मोबाइल भिजल्यावर ठेवतात तसं तांदळाच्या डब्यात ठेवलं. घड्याळजी काकांना हे सांगितलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून आयग्लास, म्हणजे घड्याळजींचं छोटं भिंग, डोळ्याला लावला.

[दुकान. टेबलावरचा दिवा.]

एचएमटी जनता. चावीचं, सतरा ज्वेलचं. ज्वेल म्हणजे चाकांची टोकं ज्यांच्या भोकांत फिरतात ते बारीक खडे. बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं घड्याळं बनू लागली आणि पुढची कित्येक वर्षं लग्नात जावयाला घड्याळ म्हटलं की एचएमटीच. हेही लग्नातलंच. ताईंच्या वडिलांना सासरकडून आलेलं.

वडील नौदलात. आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर. 1971 च्या गणपतीला रजेवर आले, तेव्हा घड्याळाची काच फुटली होती. ती बसवायला इथे बाजारात टाकलं. रजा संपली तरी घड्याळ तयार नव्हतं. निघताना ते ताईंच्या आईला म्हणाले, "शिमग्याला येतो, तेव्हा घेऊ."

[दीव. टेकडीवरचं स्मारक, काचेतली खुकरीची प्रतिकृती, मागे समुद्र.]

9 डिसेंबर 1971 च्या रात्री खुकरी आणि किरपाण या युद्धनौका दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होत्या. हंगोर या पाणबुडीनं सोडलेला टॉर्पेडो खुकरीला लागला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी, 176 नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जहाज आजही तिथेच तळाशी आहे, त्यामुळे गावाकडे तार आली, माणूस आला नाही. ताई तेव्हा आठ महिन्यांच्या.

[पुन्हा टेबल. झाकण उघडताना.]

आता इथे थोडं थांबू.

पातीच्या टोकानं काका मागचं झाकण उचकटतात. आतून पाण्याचा एक थेंबही पडत नाही, पडते ती माती. काटे निघतात, मग डायल. एकेक चाक चिमट्यानं उचलून काचेच्या वाटीत, पेट्रोलमध्ये. हे करताना काकांचा श्वास ऐकू येत नाही. आम्ही ध्वनिमुद्रण तपासून पाहिलं. भोकं साफ करायला ते लाकडाची काडी ब्लेडनं तासून टोकदार करतात. एका भोकाला एकदा फिरवली की टोक काळं होतं, की पुन्हा तासायची. सतरा ज्वेल म्हणजे किती वेळा तासायची, ते मोजणं आम्ही मध्येच सोडलं.

मुख्य कमान शाबूत होती. बालकमानी मात्र गंजून गेलेली. केसासारखी बारीक असते ती, तिच्या येण्याजाण्यावर सगळं घड्याळ चालतं. तासाला 18,000 ठोके. नवीन मिळायचा प्रश्नच नाही, एचएमटीचा घड्याळाचा धंदा 2016 मध्ये सरकारनं बंद करायचं ठरवलं. काकांकडे बंद पडलेल्या घड्याळांचा बिस्किटाचा एक डबा आहे. लोकांनी टाकलेली, कुणी न्यायला न आलेली. त्यातलं एक उघडून त्याचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, बालकमानीसकट यात घातला. असे डबे किती दुकानांतून पुरात वाहून गेले, आणि उरलेत त्यांतलं काय कशाला लागतं हे कळणारी किती माणसं राहिलीत, याचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही.

[झाकण, आतली बाजू. फोकस सावकाश येतो.]

हे बघा. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणावर आतून घड्याळजी सुईनं खूण कोरतात. बाहेरून कुणाला दिसत नाही, पुढच्या कारागिरालाच कळतं.

पहिली खूण, 9-71. काच बसवली ती.

त्याखाली 80. मग 88. मग 96.

काकांनी आयग्लास ताईंच्या हातात दिला. "ताई, हे कुणी आणलं होतं?"

ताईंना ठाऊक नव्हतं. घड्याळ घरात कुणी मनगटाला लावत नसे, एवढंच त्यांना आठवत होतं. आई रोज दिवेलागणीला चावी द्यायची, तेही आठवत होतं. पण गावाहून एसटीनं येऊन, पदरचे पैसे घालून, न वापरलेलं घड्याळ साफ करून न्यायचं, हे आईनं कधी सांगितलं नाही. पेन्शनमध्ये दोन मुलं वाढवली, 2017 मध्ये गेली. आणि या तीन खुणा झाकणात ठेवून गेली.

[ताईंचा चेहरा. इथे निवेदन नाही. वीस सेकंद.]

सुईच्या टोकावर तेलाचा थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर धूळ धरतं. बॅलन्स एकदा हलकेच ढकलला.

[आवाज : टिकटिक.]

काकांनी 96 च्या खाली कोरलं, 11-21. पॉलिश करू का, विचारलं. ताई नको म्हणाल्या. पट्टाही बदलायचा नव्हता. चामडं कडक झालंय, वास येतो, पण तिसरं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं झालेलं आहे. बकल रोज तिथेच अडकवलेलं.

दुकानातच त्यांनी घड्याळ हातावर ठेवलं आणि पट्टा तिसऱ्या भोकात लावून पाहिला. सैल होतं. घड्याळ घरंगळून मनगटाच्या आतल्या बाजूला गेलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

[रस्ता. ताई पाठमोऱ्या चालताना.]

घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जातं. काकांनी आठवड्यानं पुन्हा आणायला सांगितलं होतं, वेळ लावून देतो म्हणाले. ताई अजून गेलेल्या नाहीत. दिवेलागणीला चावी देताना मागे घेतात, चार मिनिटं.