धुळ्याचे १२ बाइट

[दृश्य: काट्यावर चढणारा ट्रॅक्टर, मागे कापसाची गंजी]
दिवाळी सरली की खान्देशातल्या जिनिंगच्या दारात अशा गाड्या लागतात. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं. फरक तो कापूस. पावती हल्ली वेब ॲपमधून निघते.

[दृश्य: पावती, जवळून]
क्विंटल बरोबर आहेत. जिल्ह्याच्या रकान्यात मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, आणि दोनदा चक्क जपानी येनचं चिन्ह. इथं ‘धुळे’ लिहिलंय.

फॉन्ट बदलून हे सुटत नाही. ‘नावं इंग्रजीतच टाका’ हा सल्ला फुकट मिळतो, पण रोमनमध्ये ‘ळ’चा ‘ल’ होतो, ते कोण भरून देणार?

[दृश्य: कळफलकावर बोटं]
संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो; त्या आकड्यांचा एकेक कप्पा म्हणजे बाइट. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ध, उकार, ळ, मात्रा: ४ चिन्हं, १२ बाइट. जुन्या प्रोग्रामनं ते मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लॅटिन-१ कॉलममध्ये, म्हणजे एका बाइटला एक लॅटिन अक्षर धरणाऱ्या रकान्यात भरले आणि लॅटिन-१ म्हणूनच वाचले. जाता-येता चूक एकच, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसायची. नवं ॲप यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) जोडणीनं वाचतं. सर्व्हर मग प्रत्येक बाइटला वेगळं लॅटिन अक्षर समजून पाठवतो.

[दृश्य: काळा पडदा, त्यावर आकडा १२]
आधी बॅकअप, मग मोजणी. बाइट मोजणाऱ्या लेंग्थ फंक्शननं ‘धुळे’च्या नोंदीला १२ सांगितले, तर बाइट शाबूत आहेत, फक्त कॉलमवरची पाटी चुकलीय. २५ आले, तर यूटीएफ-८ वर पुन्हा यूटीएफ-८ चढलंय, म्हणजे एकेक बाइट लॅटिन अक्षर समजून परत साठवला गेलाय. ४ आले आणि हेक्समध्ये (बाइटचा कच्चा आकडा दाखवणाऱ्या लिपीत) नुसतं ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हाचा आकडा दिसला, तर ती खरीच प्रश्नचिन्हं; पावतीबुकातून हातानं भरा.

इथं १२ आहेत. कॉलम आधी व्हारबायनरी (नुसते बाइट, अक्षरांची पाटी नाही) करायचा, मग व्हारचार (अक्षरांचा मजकूर), यूटीएफ-८-एमबी-४. मधली पायरी गाळून थेट ‘कन्व्हर्ट टू’ ही मजकूर बदलणारी आज्ञा चालवली की १२ चे २५ होतात, आणि बहुतेक घोळ इथंच होतो. मग उलटं चालावं लागतं: मजकूर लॅटिन-१ मध्ये वळवा, बायनरी करा, यूटीएफ-८-एमबी-४ म्हणून वाचा. आधी टेबलाच्या प्रतीवर.

जोडणीचा चारसेटही (अक्षरांची पद्धत) ॲपमध्ये यूटीएफ-८-एमबी-४ च ठेवायचा. आणि काट्यावरच्या संगणकात जुना प्रोग्राम चालू असेल तर तो आधी बंद. नाहीतर दुरुस्त कॉलममध्ये तो पुन्हा २५ बाइटचं धुळे भरत बसेल.

नाव न जुळल्यानं थांबलेली बिलं पुढे सरकतात.

[दृश्य: प्रिंटरमधून येणारी पावती. जिल्हा: धुळे.]