उघडल्यापासून चार तास

[गोवंडी, सकाळ. आरोग्य केंद्राची आतली खोली. आयएलआरचं झाकण उघडतं.]

लसीचा हा फ्रिज, आयएलआर. याला बाजूला दार नाही, वर झाकण आहे. थंड हवा जड असते; झाकण उघडलं तरी ती तळाशी बसून राहते. आत तापमान दोन ते आठ अंश. त्याची नोंद दिवसातून दोनदा, रविवार असो की दिवाळी.

टेबलावर आइस पॅक मांडून ठेवलेत. डीप फ्रीझरमधून काढले आणि थेट लस न्यायच्या डब्यात भरले, असं चालत नाही. आधी पॅकला घाम सुटू द्यायचा. मग कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की पॅक तयार. इथली घाई पुढे नडते. दगडासारखा गोठलेला पॅक पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीच्या कुपीला टेकला तर ती लस गोठते, आणि एकदा गोठून वितळलेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच. गोवर-रुबेलाच्या लसीचं उलट आहे. ती कोरडी पावडर असते, थंडीचं तिला भय नाही. तिचे वैरी ऊन आणि उष्णता. म्हणून कुपी तपकिरी काचेची.

चार पॅक चार बाजूंना. मधे पिशवीत कुप्या, आणि त्याच कंपनीचं, पावडर विरघळवायचं पाणी. हे पाणीही आदल्या दिवसापासून फ्रिजमध्येच असायला हवं. पावडरीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. कोमट पाण्यात तो कुपीतच मरतो. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर तारीख पडते आणि संरक्षण शून्य.

[कुपीच्या झाकणाचा क्लोजअप.]

गोलातला हा चौकोन बघा. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो. गोलापेक्षा फिका, तर लस वापरा. गोलाइतकाच किंवा त्याहून गडद, तर बाजूला ठेवा. हा चौकोन बघण्याचा हक्क फक्त सिस्टरचा नाही. समोर बसलेल्या आईनेही मागावा: दाखवा. दहापैकी एकीनेही मागितल्याचं आम्हाला दिसलं नाही, आणि हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

[अंगणवाडी. चटया. बायका, बाळं.]

पहिलं बाळ आलं की गोवर-रुबेलाची कुपी उघडायची. दहा डोसांच्या कुपीत पाच मिलिलिटर पाणी, सगळंच्या सगळं. हलकेच फिरवायची, खळाखळा हलवायची नाही. कुपीवर लगेच वेळ लिहायची. तिथून चार तास. या लसीत जंतू रोखणारं औषध घातलेलं नसतं, त्यामुळे उघडी कुपी संध्याकाळपर्यंत वापरली तर तिच्यात वाढलेले जंतू बाळाच्या अंगात जातात. काही तासांत उलट्या, जुलाब, सणकून ताप, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डोस उरले तरी चार तासांनी कुपी टाकायची.

आता नेहमीचं दुखणं. एकच बाळ आलं, कुपी दहा डोसांची. मग ‘पुढच्या आठवड्यात या’ असं म्हटलं जातं. नियम सांगतो, एका बाळासाठीही कुपी उघडा. परत पाठवलेली आई रोजंदारी बुडवून आलेली असते. ती पुढच्या आठवड्यात येईलच असं नाही.

[उजवा दंड. सुई.]

अर्धा मिलिलिटर, उजव्या दंडात, कातडीखाली. सिरिंज एकदाच चालते. दट्ट्या खाली गेला की अडकतो, पुन्हा ओढता येत नाही. सुई हब कटरमध्ये कापली जाते. मग अर्धा तास तिथेच बसायचं. फार क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसते, आणि त्यावरचं ॲड्रेनॅलिन सिस्टरच्या किटमध्ये असतं.

अफवेची सुरुवात मात्र इथे होत नाही. ती होते आठवड्याभराने. पेंटाव्हॅलंटचा ताप त्याच दिवशी येतो, तो सगळ्यांना माहीत असतो. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन. दोन-तीन दिवसांत उतरतो, दुसऱ्याला लागत नाही. पण हे आधी सांगितलं नसेल, तर आठव्या दिवशी तापलेलं बाळ बघून घरात एकच निष्कर्ष निघतो: सुईनेच गोवर आणला. ती बातमी गल्लीत पसरायला मोबाइलही लागत नाही.

[मोबाइलचे स्क्रीन.]

मोबाइलने ती लांब गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, बरीचशी शाळांमधून. लसीने मुलं पुढे वांझ होतील, असे निरोप फिरले. ते धादांत खोटे. पण दिल्लीतल्या अशाच मोहिमेत पालकांच्या संमतीचा प्रश्न जानेवारी २०१९ मध्ये थेट उच्च न्यायालयात गेला, आणि संमती हवी असं न्यायालयाला सांगावं लागलं. न विचारता टोचलं की संशय वाढतो, हे कळायला खरं तर न्यायालय लागायला नको होतं. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ च्या पोलिओ मोहिमेत बारा मुलांच्या तोंडात थेंबांऐवजी सॅनिटायझर गेलं. मुलं बरी झाली. तरीही त्या गावच्या आईने पुढच्या वेळी बाटली नीट वाचून मगच बाळाचं तोंड उघडलं, तर तिला अडाणी कोण म्हणेल?

उंच इमारतींमधली भीती वेगळी: लसीने ऑटिझम होईल, ही. तिचं मूळ १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, अवघ्या बारा मुलांवरच्या एका लेखात. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि लेखकाचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. लेख गेला, त्याचे फॉरवर्ड अजून फिरताहेत.

[कस्तुरबा रुग्णालयाचं फाटक. गोवंडीच्या गल्ल्या.]

कोविडच्या काळात ठिकठिकाणी डोस राहिले. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली; मग मालेगाव, भिवंडी.

[आरोग्य सेविका दार वाजवते. हातात यादी.]

त्यानंतरचं काम हे असं चालतं. यादीतलं नाव, मग दार. ‘लस का नाही दिली?’ असं विचारलं की दार बंद होतं. ‘मागच्या वेळी बाळाला काही त्रास झाला होता का?’ असं विचारलं की आई बोलते. बहुतेकदा कारण अफवेचं नसतंच. गावाला गेलो होतो, कार्ड हरवलं, तापात रजा कोण देणार.

त्यावरची उत्तरं साधी आहेत. सर्दी-खोकला असला तरी लस देता येते. कार्ड नसेल तर केंद्राच्या नोंदवहीत डोस शोधतात. नऊ महिन्यांच्या डोसाने शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या वयात काही बाळांत अजून शिल्लक असते, ती लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून दुसरा डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत. तोही हुकला असेल, तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी केंद्रात तो मिळतो.